धुराडं, बंब, गीझर आणि ड्रायर : घराबाहेर जाणाऱ्या नळीचा इतिहास

थंडी पडायला लागली की आमच्या कोरेगाव भागात दोन गोष्टी हमखास वाढतात. एक म्हणजे दम्याचे रुग्ण, आणि दुसरी म्हणजे आंघोळीच्या कडक पाण्याची मागणी. या दुसऱ्या गोष्टीमुळे दर हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या कुठल्या ना कुठल्या गावातून एक बातमी येते : बाथरूममध्ये गॅस गीझर सुरू होता, दार आतून बंद होतं, आणि आंघोळीला गेलेलं माणूस बाहेर आलंच नाही. घरचे सांगतात, "वाफेनं गुदमरलं."

वाफेनं माणूस असा मरत नाही. ज्या वायूने मरतो त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही.

दुसरीकडे, आपल्या भागातली अनेक मुलं-मुली आता अमेरिकेत, कॅनडात स्थायिक झाली आहेत. तिथल्या घरात कपडे वाळवायचं यंत्र, म्हणजे ड्रायर असतो. त्याची गरम, दमट हवा एका नळीतून घराबाहेर सोडावी लागते. ही नळी लांबलचक असली तर काय काळजी घ्यायची, हा प्रश्न नातवंडं सांभाळायला तिकडे जाऊन आलेले आजी-आजोबासुद्धा विचारतात.

हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण मुळात एकच आहेत. घरात जे जळतं किंवा तापतं, त्यातून निघणारा धूर, वायू आणि वाफ घराबाहेर कशी काढायची? माणूस हजारो वर्षं या प्रश्नाशी झगडतो आहे. आज त्या झगड्याचा इतिहास पाहू. इतिहास कळला की काळजी का घ्यायची ते पाठ करावं लागत नाही.

कौलातून जाणारा धूर

आपल्या जुन्या घरांची रचना आठवा. स्वयंपाकघर घराच्या आतल्या बाजूला. मातीची चूल, तिला शेजारी वैल, म्हणजे मुख्य चुलीची उरलेली धग वापरणारी दुसरी जागा. जळण म्हणजे लाकूडफाटा, शेणी, तुरीच्या काड्या, उसाचं पाचट. धूर बाहेर जायला खास वाट नसे. तो वर चढे, आढ्यापाशी साठे आणि कौलांच्या फटींतून हळूहळू झिरपे. काही घरांना छपरात धुराडं ठेवलेलं असे, पण पावसाळ्यात त्यावर काहीतरी झाकण पडे आणि उन्हाळ्यापर्यंत ते तसंच राही.

या धुराचे काही फायदे होते, म्हणून तो लोकांनी सहन केला. छपराच्या लाकडाला वाळवी कमी लागे, टांगून ठेवलेल्या कणसांना कीड लागत नसे, डास पळत. पण या फायद्यांची किंमत स्वयंपाक करणारी बाई मोजत होती. फुंकणीने जाळ फुलवताना तिचं तोंड चुलीपासून हातभर अंतरावर असे, आणि कडेवर किंवा शेजारी तान्हं मूल असे.

वैद्यकशास्त्राने या किमतीची नोंद बरीच उशिरा घेतली. १९५९ साली दिल्लीच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी १२७ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसाच्या जुनाट आजारामुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येऊन ते निकामी होतं, अशा रुग्णांचा हा अभ्यास होता. पाश्चात्त्य देशांत हा आजार म्हणजे सिगारेट ओढणाऱ्या, कारखान्यात काम करणाऱ्या पुरुषांचा आजार मानला जाई. दिल्लीत मात्र त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या, आणि त्या पुरुषांपेक्षा कमी वयात आजारी पडत होत्या. त्या विडी ओढत नव्हत्या, त्या चूल फुंकत होत्या.

१९८३ साली कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर उपकरणं लावून चुलीजवळची हवा प्रत्यक्ष मोजली. त्या हवेतल्या धूलिकणांचं प्रमाण पाहून जगाचे डोळे उघडले. पुढे २००९ मध्ये पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी, धूम्रपान न करणाऱ्यांनाही सीओपीडी मोठ्या प्रमाणावर होतो आणि त्यात घरातल्या धुराचा वाटा मोठा आहे, हा मुद्दा 'लॅन्सेट' या नियतकालिकातून जगापुढे ठळकपणे मांडला.

आजही माझ्याकडे साठी ओलांडलेल्या मावशी धाप लागते म्हणून येतात. "सिगारेट, विडी?" या प्रश्नाला त्या हसतात. "चूल किती वर्षं केली?" हा खरा प्रश्न आहे.

धुराडं काम कसं करतं?

गरम हवा हलकी असते, म्हणून वर जाते, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. उंच नळीत गरम हवेचा स्तंभ उभा राहिला की तो बाहेरच्या थंड हवेपेक्षा हलका असतो. त्यामुळे तो वर सरकतो आणि खालून ताजी हवा आत ओढतो. याला ओढ म्हणू. नळी जितकी उंच आणि आतला वायू जितका गरम, तितकी ओढ जास्त.

हे पाहायला लांब जायची गरज नाही. सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यातलं गुऱ्हाळ पाहा. काहिलीखालच्या चुलवाणातला जाळ आधी आडवा जातो आणि मग उभ्या चिमणीतून वर निघतो. चिमणीला ओढ असली की ओलसर चिपाडंसुद्धा चांगली पेटतात. ओढ नसली की धूर तोंडाकडून बाहेर येतो आणि जळण घालणाऱ्याचे डोळे चुरचुरतात. राखेने वाट तुंबली तर गुळव्याला ते लगेच कळतं, कारण रस वेळेत आटत नाही.

या ओढीचे शत्रू मोजके आहेत. नळी अरुंद असणं, तिला वळणं असणं, ती आडवी लांबच लांब असणं, आतून खडबडीत किंवा तुंबलेली असणं, आणि तिच्यातला वायू बाहेर पडण्याआधीच थंड होणं. १७९० च्या दशकात इंग्लंडमध्ये काउंट रम्फर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने घरातल्या शेकोट्यांचा अभ्यास करून नेमकं हेच सांगितलं. त्याने शेकोटीचा आकार लहान केला, धूर जिथून चिमणीत शिरतो तो गळा अरुंद आणि गुळगुळीत केला, आणि लंडनमधल्या धुराने भरणाऱ्या खोल्या स्वच्छ झाल्या. आज ड्रायरच्या नळीचे जे नियम आहेत, ते या जुन्या शहाणपणाचीच पुढची पायरी आहेत.

चिमणी साफ कोण करणार?

इतिहासाचा एक काळा भाग इथे येतो. चिमणी बांधली की प्रश्न संपत नाही, कारण तिच्या आत काजळी साचते. ओढ कमी होते आणि एक दिवस ती काजळीच पेट घेते. इंग्लंडमध्ये ही काजळी खरवडायला लहान मुलांना चिमणीत चढवत. अरुंद चिमणीत मोठं माणूस मावत नसे, म्हणून पाच-सहा वर्षांची पोरं.

१७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने लिहून ठेवलं की या मुलांना मोठेपणी वृषणकोशाच्या कातडीचा कर्करोग होतो, आणि त्याचं कारण तिथे घडीत साचून राहणारी काजळी आहे. कामाच्या ठिकाणच्या पदार्थामुळे कर्करोग होतो, असं दाखवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. वैद्यकीय महाविद्यालयात हे वाक्य आम्ही परीक्षेसाठी पाठ करतो. मुलांना चिमणीत पाठवणं खऱ्या अर्थाने थांबायला मात्र १८७५ चा कायदा यावा लागला. म्हणजे कारण कळल्यावर तब्बल शंभर वर्षं गेली.

यातून घ्यायचा धडा सरळ आहे. घराबाहेर जाणारी प्रत्येक नळी ही साफसफाईचं एक काम घेऊन घरात येते. ते काम कोणाचं, हे पहिल्याच दिवशी ठरलं नाही तर ते कोणीच करत नाही.

मगन चूल ते फलटणची लक्ष्मी चूल

आपल्याकडे बिनधुराच्या चुलीची चळवळ महाराष्ट्राच्या मातीत रुजली. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचं काम वर्ध्याच्या मगनवाडीतून जे. सी. कुमारप्पा पाहत. १९४० च्या दशकात इथे 'मगन चूल' तयार झाली. एका तोंडातून जळण घालायचं, धग एकापाठोपाठ एक भांड्यांखालून न्यायची आणि शेवटी उरलेला धूर उभ्या नळीतून छपराबाहेर सोडायचा. आपल्या वैलाच्या चुलीला जणू धुराडं जोडलं. १९५३ मध्ये हैदराबादचे अभियंता एस. पी. राजू यांनी अशाच बिनधुराच्या चुलीवर पुस्तिका लिहिली आणि ती कल्पना देशभर गेली.

१९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो सुमारे २००२ पर्यंत चालला. या काळात देशभर तीन कोटींहून जास्त चुली बसवल्याची नोंद झाली. त्या काळात आपल्या भागातल्या घरांच्या छपरांतून डोकावणाऱ्या सिमेंटच्या नळ्या अनेकांनी पाहिल्या असतील.

आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या फलटणचं नाव इथे आदराने घ्यायला हवं. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या 'आरती' या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने पुणे आणि फलटण इथून सुधारित चुलींवर बरंच काम केलं. दोन भांड्यांची, चिमणी असलेली लक्ष्मी चूल गावोगाव पोहोचवण्यात संस्थेचा वाटा मोठा. शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या त्यांच्या तंत्राला २००२ मध्ये इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला.

मग या साऱ्या नळ्यांचं पुढे झालं काय? काही घरांत त्या वर्षानुवर्षं चालल्या. पुष्कळ घरांत मात्र पावसाळ्यात नळीच्या कडेने छप्पर गळू लागलं म्हणून ती काढली. कुठे मोठा ओंडका मावत नाही म्हणून चुलीचं तोंड फोडून रुंद केलं. आणि कुठे नळी काजळीने तुंबली, धूर उलटा घरात येऊ लागला, आणि "ही नवी चूल जास्तच धूर करते" असं म्हणून ती बाजूला पडली.

हा नुसता अंदाज नाही. ओडिशात सुमारे २,६०० कुटुंबांना चार वर्षांपर्यंत पाहून एस्थर डफ्लो, मायकल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना या अर्थतज्ज्ञांनी एक मोठा अभ्यास केला. सुधारित चूल दिल्यावर पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासात जाणारा धूर कमी झाला. पुढच्या वर्षांत तो फायदा नाहीसा झाला. चुली नीट वापरल्या गेल्या नाहीत, त्यांची दुरुस्ती आणि सफाई झाली नाही. चूल चांगली होती, नळीही होती. नळीकडे पाहणारं कोणी नव्हतं.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची शेगडी लाखो नव्या स्वयंपाकघरांत पोहोचली. डोळ्यांना झोंबणारा धूर बराच कमी झाला, ही फार मोठी गोष्ट आहे. पण धूर दिसेनासा झाला तशी नळीची आठवणही गेली. आणि इथून आपल्या गोष्टीला धोकादायक वळण लागतं.

बंब बाहेर होता, गीझर आत आला

पाणी तापवायचा तांब्याचा बंब तुम्हाला आठवत असेल. मधोमध उभी नळी, खाली जाळी, नळीभोवती पाणी. वरून शेण्या, ढलप्या टाकायच्या. जाळ नळीतून वर जाताना पाणी तापवतो आणि धूर वरच्या तोंडातून निघून जातो. म्हणजे बंब हे स्वतःच एक धुराडं होतं. मुख्य म्हणजे तो मागल्या दारी, परसात किंवा न्हाणीघराच्या बाहेर पेटवत. पाणी बादलीने आत नेत. धूर इतका होई की त्याला बंद खोलीत ठेवायचं कोणाच्या मनातही येत नसे. धुराने आपल्याला शिस्त लावली होती.

गॅस गीझर हा बंबाचाच नातू. त्याचा जन्म लंडनचा. १८६८ मध्ये बेंजामिन मॉन यांनी गॅसच्या जाळाने पाणी लगेच तापवणारं यंत्र काढलं आणि आइसलँडमधल्या उष्ण पाण्याच्या फवाऱ्यावरून त्याला 'गीझर' नाव दिलं. त्या पहिल्या यंत्राला जळालेला वायू बाहेर नेणारी नळीच नव्हती. म्हणजे आजचा धोका या यंत्रासोबतच जन्माला आला.

आता थोडा हिशेब करू. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. घरगुती छोटा गॅस गीझर पूर्ण क्षमतेने चालला तर तासाला साधारण एक किलोच्या आसपास गॅस जाळतो. आपलं बाथरूम पाच बाय चार फूट आणि आठ फूट उंच धरलं, तर त्यात जेमतेम साडेचार घनमीटर हवा मावते. म्हणजे खिडकी-दार बंद असेल तर वीस मिनिटांत गीझर जवळजवळ सगळ्या खोलीभर हवेचा फडशा पाडू शकतो. एकामागून एक तिघं आंघोळीला गेले, तर तिसऱ्याच्या वाट्याला काय उरेल याचा विचार करा.

प्राणवायू कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. निळी ज्योत दिसते म्हणून निश्चिंत राहू नका. सुरुवातीला सगळं ठीक असतं, हवा कमी होत जाते तसं विष वाढत जातं.

या विषाची ओळख कशी झाली?

कार्बन मोनॉक्साइड हा वेगळा वायू आहे, हे १८०० साली विल्यम क्रुइकशँक यांनी ओळखलं. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला पकडून बसतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी दाखवलं. पण त्याचा माणसावरचा परिणाम नेमका समजला तो जॉन स्कॉट हॉल्डेन यांच्यामुळे. त्यांनी १८९५ मध्ये स्वतः हा वायू हुंगून, आपलं रक्त तपासत, काय काय होतं ते लिहून ठेवलं. जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउन इथल्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ५७ कामगार मेले. हॉल्डेन यांनी मृतदेह तपासले तेव्हा कळलं की बहुतेक जण स्फोटाने नाही, तर नंतर पसरलेल्या या वायूने गेले होते. मग खाणीत उंदीर किंवा लहान पक्षी सोबत न्यायची पद्धत पडली. पक्षी कोसळला की माणसांनी बाहेर पळायचं.

बाथरूममध्ये असा पक्षी नसतो, म्हणून लक्षणं माहीत हवीत.

हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कार्बन मोनॉक्साइडची ओढ दोनशे ते अडीचशे पट जास्त असते. त्यामुळे हवेत तो थोडा असला तरी रक्तातली जागा अडवतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. मग पायातलं बळ जातं. हा टप्पा सगळ्यात घातकी, कारण काहीतरी चुकतंय हे कळतं पण कडी काढायला हात उठत नाही. पुढे बेशुद्धी, झटका, मृत्यू. लहान मुलं जोरात श्वास घेतात, म्हणून त्यांना लवकर बाधा होते. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला आईपेक्षाही जास्त धोका असतो.

गेल्या वीस वर्षांत भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत आंघोळ करताना झटका येऊन पडलेल्या रुग्णांची अनेक वर्णनं आली आहेत. त्यांना आधी फिट्सचा आजार नव्हता. चौकशी केल्यावर बाथरूममध्ये गॅस गीझर निघाला. अशा रुग्णाला फिट्सच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू राहतात आणि गीझरही चालूच राहतो, असं होऊ नये.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. कोविडनंतर घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं. या विषबाधेत ते फसवतं. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेलं हिमोग्लोबिन त्या यंत्राला प्राणवायूने भरल्यासारखंच दिसतं, म्हणून आकडा ९८ येतो आणि माणूस मात्र आतून गुदमरत असतो. त्यामुळे डॉक्टरांना "आंघोळ करताना झालं, गॅस गीझर आहे" हे वाक्य सांगणं ऑक्सिमीटरच्या आकड्यापेक्षा मोलाचं आहे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध प्राणवायू दिला की ते काम साधारण दीड तासावर येतं. बरं वाटलं तरी रुग्णावर लक्ष ठेवावं लागतं. काहींना काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विसरभोळेपणा, चालण्यात अडखळणं, स्वभाव बदलणं असे त्रास सुरू होतात.

आता ड्रायरची लांब नळी

कपडे वाळवायचं यंत्रही जुनंच आहे. १८०० च्या सुमारास फ्रान्समध्ये पोशों नावाच्या माणसाने भोकं पाडलेलं पिंप हाताने जाळावर फिरवायची युक्ती काढली. कपडे वाळत, पण त्यांना धुराचा वास लागे आणि कधी कधी ते जळत. १८९२ मध्ये अमेरिकेत जॉर्ज सॅम्पसन यांनी शेगडीच्या उष्णतेवर कपडे वाळवणाऱ्या चौकटीचं पेटंट घेतलं. कडाक्याच्या थंडीत बाहेर कपडे वाळत घालायला कंटाळलेल्या नॉर्थ डकोटाच्या जे. रॉस मूर यांनी फिरत्या पिंपाच्या यंत्राची कल्पना विकसित केली आणि १९३८ मध्ये हॅमिल्टन कंपनीने ते बाजारात आणलं.

आपल्याकडे ऊन आणि दोरी असल्याने याची फारशी गरज पडली नाही. परदेशातल्या आपल्या कुटुंबांना मात्र ते रोज लागतं. ओल्या कपड्यांच्या एका खेपेतून दोन-तीन लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, आणि त्याबरोबर कपड्यांचे बारीक धागे, म्हणजे लिंट. जाळीत अडकून उरलेलं लिंट नळीत जातं. ते कापसासारखंच पेटतं.

इथे चिमणीची ओढ नसते, पंखा हवा ढकलतो. त्या पंख्याचं बळ मर्यादित असतं. नळी लांब झाली की हवा मंदावते, थंड होते, वाफेचं पाणी होऊन नळीच्या आत चिकटतं आणि त्यावर लिंटचा लेप बसत जातो. नळी आणखी अरुंद होते, हवा आणखी मंदावते, यंत्र जास्त तापतं. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० च्या आकडेवारीनुसार तिथे घरांमध्ये वर्षाला सुमारे २,९०० आगी ड्रायरमुळे लागत होत्या, आणि त्यांचं सगळ्यात मोठं कारण होतं सफाई न करणं. पॉट यांच्या काळातली काजळी आणि आजचं लिंट यांत मला फारसा फरक दिसत नाही.

म्हणून तिथल्या घरबांधणी संहितेत नियम आहेत. नळी चार इंच व्यासाची, आतून गुळगुळीत धातूची हवी. लांबी सर्वसाधारणपणे ३५ फुटांपर्यंत. नव्वद अंशांचं प्रत्येक वळण पाच फुटांचं धरायचं आणि पंचेचाळीस अंशांचं अडीच फुटांचं. म्हणजे तीन काटकोनी वळणं असतील तर सरळ नळीला उरतात फक्त २० फूट. यंत्राच्या कंपनीने पुस्तिकेत वेगळी लांबी दिली असेल तर ती पाहावी. त्याहून लांब नेणं भागच असेल तर खास ड्रायरसाठी बनवलेला जोडपंखा नळीत बसवता येतो, किंवा नळी लागतच नाही असा, वाफेचं पाणी करून गोळा करणारा ड्रायर घेता येतो.

आणि ड्रायर गॅसवर चालणारा असेल, तर तुंबलेली नळी म्हणजे आगीबरोबर कार्बन मोनॉक्साइडही. तिथे आपला गीझर आणि त्यांचा ड्रायर एकाच रांगेत येऊन बसतात.

थोडक्यात, काय करायचं?

गॅस गीझरसाठी :

१. गीझर बाथरूमच्या आत नको. गॅलरीत किंवा बाहेरच्या भिंतीवर, मोकळ्या हवेत बसवा आणि फक्त पाण्याची नळी आत आणा. बंबाची जागा बाहेर होती, ती उगीच नव्हती.

२. आत असलेला गीझर आज बदलता येत नसेल, तर दार-खिडकी उघडी ठेवून आधी बादल्या भरा, गीझर बंद करा, हवा खेळू द्या आणि मग आंघोळीला जा. झडपांची खिडकी थंडीत कागद लावून बुजवू नका.

३. नुसत्या एक्झॉस्ट फॅनवर विसंबू नका. आत ताजी हवा यायला खाली वाट नसेल तर तो पुरेसा पडत नाही, आणि गीझरला धुराची नळी असेल तर तिच्यातला वायू उलटा आत ओढू शकतो.

४. वर्षातून एकदा, थंडीआधी, जाणकार कारागिराकडून गीझर साफ करून घ्या. पिवळी ज्योत किंवा काजळी दिसली तर वापर थांबवा.

५. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. बाळंतिणीच्या खोलीत तर नकोच. कोळशाला धूर कमी असतो, विष नव्हे.

कोणी बाथरूममध्ये पडलं तर : दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला लगेच मोकळ्या हवेत आणा, कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा. पाणी पाजू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. हाच त्रास घरात एकदम दोघा-तिघांना होत असेल, तर सगळ्यांनी बाहेर पडा.

परदेशातल्या ड्रायरसाठी :

१. लिंटची जाळी प्रत्येक खेपेनंतर साफ करा. पूर्ण नळी वर्षातून किमान एकदा, लांब असेल तर त्याहून लवकर.

२. प्लास्टिकची किंवा घड्या पडणारी पातळ पन्नीची नळी काढून टाका. जोड धातूच्या चिकटपट्टीने बंद करा. नळीच्या आत टोक काढणारे लांब स्क्रू नकोत, त्यांवर लिंट अडकतं.

३. नळी थेट घराबाहेर निघाली पाहिजे. माळ्यावर, तळघरात किंवा भिंतीच्या पोकळीत सोडली की ओल, बुरशी आणि मग दमा. थंड माळ्यावरून जात असेल तर तिच्यावर उष्णतारोधक वेष्टण घाला.

४. बाहेरच्या तोंडाला मागे न वळणारी झडप असावी, जाळी नसावी. यंत्र चालू असताना बाहेर जाऊन झडप उघडते का पाहा. पक्ष्यांची घरटी, बर्फ यांनी ती अडते.

५. पूर्वी एका फेरीत वाळणाऱ्या कपड्यांना दोन फेऱ्या लागू लागल्या, यंत्र हाताला चटका देऊ लागलं, खोली दमट वाटू लागली, तर समजा की नळी तुंबली आहे. ड्रायर चालू ठेवून झोपू नका आणि घराबाहेर जाऊ नका.

६. घरात कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा बसवा. खाणीतल्या पक्ष्याचं काम तो करतो.

लेख वाचून झाल्यावर एक काम करा. घरात जिथे जिथे काही जळतं किंवा तापतं, तिथे उभं राहून एकदा पाहा : यातून निघालेली हवा कुठून बाहेर जाते, आणि ती वाट शेवटची कोणी साफ केली? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तर आजच गॅस बंद करून जाणकाराला बोलवा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तर ते काम घरातल्या एका माणसाच्या नावावर लावा, आणि दिवाळीच्या साफसफाईच्या यादीत ते लिहून टाका.